स्थलांतर आणि पैशाचा प्रवाह टोपॉलॉजीने कसा अभ्यासायचा: जनगणनेच्या तक्त्यापासून बारकोडपर्यंत

२०११ च्या जनगणनेत देशातले ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. एवढा मोठा डेटा हातात आला की बहुतेक जण त्यातून टॉप टेन यादी काढतात, कुठून सगळ्यात जास्त येतात, कुठे जातात, आणि थांबतात. यादी चुकीची नसते, पण ती एका वेळी दोनच ठिकाणांबद्दल बोलते. आता केरळ बघा. तिथली माणसं आखातात गेली, त्यांच्या जागी बांधकामावर आणि प्लायवूडच्या कारखान्यांत बंगाल, आसाम, ओडिशातून माणसं आली, आखातातला पैसा केरळात उतरतो आणि त्यातला काही मजुरीच्या रूपाने बंगालमधल्या मुर्शिदाबादला पोचतो. ही साखळी कुठल्याही टॉप टेनमध्ये दिसत नाही कारण ती दोघांमधली गोष्टच नाही, तीन-चार ठिकाणं एकत्र धरली तरच ती दिसते.

टोपॉलॉजी, म्हणजे जोडण्यांचं आणि भोकांचं गणित, इथेच कामाला येते. कोणती ठिकाणं गटाने एकमेकांत गुंतलीत, कुठे कडं तयार झालंय पण मध्ये काहीच नाही, आणि आपण कट-ऑफ (किती मोठा प्रवाह मोजायचा ती मर्यादा) वरखाली केला तरी यातलं काय टिकतं, हे ती सांगते. खाली सगळी पद्धत क्रमाने देतोय. पायथन थोडंफार येत असेल आणि मॅट्रिक्सचा गुणाकार माहीत असेल तर पुरे.

आधी प्रश्न ठरवा

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायच्या आधी कागदावर लिहा की तुम्हाला नक्की काय हवंय. माणसं किंवा पैसा कुठून निघून कुठे जमा होतो हे हवं असेल, किंवा त्यातला किती भाग नुसता गोल फिरतो हे हवं असेल, तर हॉज डिकॉम्पोझिशन (प्रवाहातला उतार आणि फेरे वेगळे करायची रीत) वापरायचं. ठिकाणांचं कडं कुठे बनतं आणि ते किती पक्कं आहे हे बघायचं असेल तर पर्सिस्टंट होमॉलॉजी. आणि शेकडो जिल्ह्यांचा स्थलांतराचा स्वभाव एका चित्रात मांडायचा असेल तर मॅपर. माझं स्पष्ट मत, सुरुवात हॉजपासून करा. पर्सिस्टंट होमॉलॉजीतून निघणारी पट्ट्यांची चित्रं, म्हणजे बारकोड, भारी दिसतात म्हणून लोक थेट तिकडे उडी मारतात, पण बारकोड वाचायला प्रवाहाची दिशा आधी कळलेली असावी लागते.

डेटा कुठून आणायचा

देशांतर्गत स्थलांतराला जनगणनेची डी मालिका. 'याआधी कुठे राहत होतात' या प्रश्नावरून बनलेले तक्ते घ्या, त्यात राज्यातून राज्यात आलेल्यांची संख्या, किती वर्षांपूर्वी आले आणि का आले (काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत वगैरे) हे सगळं असतं. एक्सेल फाइल फुकट मिळते. २०११ ला राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३५ होते, म्हणजे तुमचं मॅट्रिक्स ३५ बाय ३५. ओळीत निघाल्याचं ठिकाण, कॉलममध्ये पोचल्याचं, आणि कर्णावर शून्य टाकायचं.

देशांदेशांमधल्या स्थलांतराला संयुक्त राष्ट्रांचे मायग्रंट स्टॉकचे तक्ते आहेत. पैशासाठी मात्र जरा थांबा, कारण इथे एक मोठा खड्डा आहे. जागतिक बँकेचं कोणत्या देशातून कोणत्या देशात किती रेमिटन्स (स्थलांतरितांनी घरी पाठवलेला पैसा) गेला याचं मॅट्रिक्स सगळे वापरतात, पण ते मोजलेलं नाही, अंदाजलेलं आहे, आणि अंदाज काढलाय तो मुख्यतः स्थलांतरितांची संख्या आणि दोन्ही देशांच्या दरडोई उत्पन्नावरून. मग माणसांचं जाळं आणि पैशाचं जाळं यांचा आकार सारखा आहे असा निष्कर्ष या डेटावरून काढणं म्हणजे जे आत घातलं तेच बाहेर काढणं. हे मॅट्रिक्स सरावाला वापरा, तुलनेला नको.

भारतापुरतं रिझर्व्ह बँकेचं रेमिटन्स सर्वेक्षण जास्त विश्वासाचं, ते बँकांकडून माहिती घेऊन केलेलं असतं. २०२३-२४ च्या फेरीत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि अमिरातींचा १९.२ टक्के आला, २०१६-१७ ला अमिराती २६.९ वर होत्या आणि अमेरिका २२.९ वर, म्हणजे क्रम उलटला. पण राज्यवार आकडे वाचताना सांभाळा. महाराष्ट्राचा वाटा २०२०-२१ ला ३५.२ टक्के दिसतो आणि २०२३-२४ ला २०.५. एवढी उडी माणसांनी मारलेली नसते. पैसा ज्या शाखेत नोंदला गेला ती शाखा मुंबईत असली की आकडा महाराष्ट्राच्या नावावर चढतो, मग घर कुठेही असो. तुमच्या जाळ्यात मुंबई हा नोड (जाळ्यातलं एक ठिकाण) अवाढव्य दिसला तर तो किती खरा आणि किती शाखेच्या पत्त्यामुळे, हा प्रश्न शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

साफसफाई, जिथे निम्मा वेळ जातो

कारण न बघता सगळे स्थलांतरित एकत्र घेतले तर तुम्ही मुख्यतः लग्नाचं जाळं अभ्यासताय, कारण बायकांच्या स्थलांतरात लग्न हेच सगळ्यात मोठं कारण नोंदलं जातं. म्हणून लोक 'काम' एवढंच फिल्टर लावतात. पण त्याने दुसरीकडे नुकसान होतं, लग्न किंवा कुटुंबासोबत म्हणून नोंदलेल्या कितीतरी बायका तिथे जाऊन काम करतातच. ऊसतोडीत तर कोयता म्हणजेच नवरा-बायकोची जोडी, तिथे बाईला कामगारातून वगळणं सरळ सरळ चूक आहे. तेव्हा दोन मॅट्रिक्स बनवा, एक फक्त कामाचं, एक कामाबरोबर कुटुंबासोबत गेलेल्यांचं, आणि पुढचं सगळं दोन्हींवर चालवा.

दुसरं म्हणजे जनगणनेतले स्थलांतरित हा साठा आहे, प्रवाह नाही. तीस वर्षांपूर्वी आलेला आणि गेल्या वर्षी आलेला एकाच आकड्यात बसतात. प्रवाहाच्या जवळ जायचं तर पाच वर्षांच्या आत आलेले तेवढे घ्या, म्हणजे 'एक वर्षापेक्षा कमी' आणि '१ ते ४ वर्षं' हे दोन गट. तरीही हंगामी माणसं यात नीट सापडत नाहीत. बीडहून दसरा-दिवाळीच्या सुमाराला सांगली-कोल्हापूरकडे जाणारी आणि पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की परत फिरणारी कुटुंबं या तक्त्यांच्या जाळीतून गळतात. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने म्हणूनच रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकड्यांवरून अंदाज केला, आणि तो आला राज्याराज्यांत दरवर्षी सरासरी ९० लाखांच्या आसपास. दुसऱ्या वाटेने पडताळणी कशी करावी याचा हा उत्तम नमुना.

सीमांचं पण बघा. तेलंगण २०१४ ला वेगळं झालं, पालघर जिल्हा त्याच वर्षी ठाण्यातून निघाला. नवा डेटा जुन्याला जोडायचा तर एक चावीचा तक्ता बनवा, कोणता नवा जिल्हा कोणत्या जुन्यात मोडतो, आणि सगळं २०११ च्या सीमांवर आणून ठेवा. नोड बदलला की भोकं (कड्याच्या मधली रिकामी जागा) आपोआप तयार होतात नाहीतर बुजतात, आणि तुम्हाला वाटतं समाजात काहीतरी बदललं.

रेघेला वजन कसं द्यायचं

रेघ म्हणजे जाळ्यात दोन ठिकाणांना जोडणारा प्रवाह. नुसती संख्या घेतली तर मोठी राज्यं सगळं गिळतात. उत्तर प्रदेशची लोकसंख्या १९.९८ कोटी, गोव्याची १४.५८ लाख, आता गोव्यातल्या कोणत्याही प्रवाहाला संख्येत किंमत राहणार आहे का? म्हणून आधी एक साधं ग्रॅव्हिटी मॉडेल बसवा, दोन्हीकडची लोकसंख्या आणि मधलं अंतर यावरून किती माणसं अपेक्षित होती ते काढा आणि प्रत्यक्ष संख्येला त्याने भागा. मॅट्रिक्समध्ये शून्यं असतात त्यामुळे लॉग घेऊन सरळ रेषा बसवण्यापेक्षा पॉयसन रिग्रेशन (मोजून आलेल्या संख्यांसाठीची, शून्यं चालणारी पद्धत) चांगलं. जे गुणोत्तर येईल ते सांगतं की लोकसंख्या आणि अंतराच्या पलीकडे या दोन ठिकाणांत काय नातं आहे. ओडिशातलं गंजम आणि सुरत यांच्यातला यंत्रमाग कामगारांचा रस्ता असाच आहे, नकाशावर दोन्ही एकमेकांपासून लांब, पण पिढ्यान्‌पिढ्या माणूस माणसाला घेऊन गेला.

हे गुणोत्तर पर्सिस्टंट होमॉलॉजीसाठी. हॉजसाठी मात्र मूळ संख्याच घ्यायच्या, कारण तिथे जमाखर्च जुळायला हवा.

हॉज, आधी हाताने

तीन ठिकाणं घेऊ, दुबई, मुंबई, रत्नागिरी. आकडे निव्वळ समजण्यासाठी काल्पनिक आहेत. दुबईहून मुंबईत १०, मुंबईहून रत्नागिरीला ४, आणि रत्नागिरीहून दुबईकडे १ (व्हिसा, तिकीट, एजंटचा खर्च). हे सगळे निव्वळ प्रवाह, म्हणजे जाणारा वजा येणारा.

दुबई-मुंबई-रत्नागिरी-दुबई असा फेरा मारून बेरीज करा, १० + ४ + १ = १५. तीन रेघा आहेत म्हणून प्रत्येकीवर ५ हा गोल फिरणारा भाग. तो वजा केला की उरतं दुबई ते मुंबई ५, मुंबई ते रत्नागिरी उणे १, रत्नागिरी ते दुबई उणे ४. यांची बेरीज शून्य, म्हणजे हा शुद्ध उताराचा भाग. आता प्रत्येक ठिकाणाला एक पातळी देता येते, दुबई ०, मुंबई ५, रत्नागिरी ४. पडताळून बघा, रत्नागिरीत आले ४, गेला १, निव्वळ जमा ३, आणि उताराच्या भागातही दुबईहून ४ आले आणि मुंबईकडे १ गेला, जमा ३ च. मूळ आकड्यांचे वर्ग ११७, गोल भागाचे ७५, उताराचे ४२, बेरीज जुळते. म्हणजे या जाळ्याचा जवळपास ६४ टक्के जोर फेऱ्यात आहे.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मुंबईची पातळी रत्नागिरीपेक्षा वर आली ती मधे पैसा थांबल्यामुळे, मघाशी म्हटलेला शाखेचा प्रश्न तो हाच. आणि फेऱ्यातले ५ म्हणजे तेच पैसे फिरून परत दुबईला गेले असा अर्थ नाही, हिशोबाच्या पातळीवर एवढा भाग कोणालाच श्रीमंत किंवा गरीब करत नाही एवढाच अर्थ.

३५ नोड असले की हेच काम कॉम्प्युटरला द्या. सगळ्या जोड्या जोडल्या तर ५९५ रेघा होतात. प्रत्येक रेघेला एक ओळ, निघण्याच्या नोडला उणे एक, पोचण्याच्या नोडला अधिक एक असं मॅट्रिक्स बनवा आणि नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या लीस्ट स्क्वेअर्सने (आकड्यांना सगळ्यात जवळ बसणारं उत्तर काढायची रीत) पातळ्या काढा, दहा ओळींत होतं. उरलेला भाग म्हणजे फेरे. त्याचे पुन्हा दोन भाग पडतात, जे भरलेल्या त्रिकोणांभोवती फिरतात ते स्थानिक फेरे, आणि जे मोठ्या भोकाभोवती फिरतात ते हार्मोनिक. कोणता त्रिकोण भरलेला मानायचा हे तुम्ही ठरवता, मी तिन्ही रेघा एका किमान वजनाच्या वर असतील तरच भरतो. सगळे ६५४५ त्रिकोण भरून टाकले तर भोक उरतच नाही आणि हार्मोनिक भाग शून्य येतो, तेव्हा शून्य आला म्हणून लगेच अर्थ लावू नका, आधी काय भरलंय ते तपासा.

स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रॅव्हेन्स्टाइनने १८८५ ला लिहून ठेवलंय की प्रत्येक मुख्य प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. निव्वळ आकडा घेतला की तो उलटा प्रवाह पुसला जातो. म्हणून हॉज करताना मूळ दोन्ही दिशांची बेरीजही बाजूला सांभाळा, ५००० वजा ४९०० आणि १०० वजा ० हे दोन्ही १०० च दिसतात पण जमिनीवर त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

पर्सिस्टंट होमॉलॉजी

कल्पना सोपी आहे. सगळ्यात पक्की रेघ आधी काढा, मग तिच्याखालची, मग त्याखालची, असं करत जा आणि तिन्ही बाजू आल्या की त्रिकोण भरून टाका. प्रत्येक टप्प्यावर किती तुकडे उरले आणि किती भोकं आहेत ते मोजा. समजा क, ख, ग, घ अशी चार ठिकाणं आणि अंतरं (अंतर कमी म्हणजे नातं घट्ट) क-ख १, ख-ग २, ग-घ २, घ-क ३, कर्ण ५ आणि ६. तीनला कडं पूर्ण होतं, भोक जन्मतं. पाचला पहिला कर्ण आला की दोन्ही त्रिकोण भरतात आणि भोक मरतं. आयुष्य ३ ते ५, बारकोडमधली ही एक पट्टी. लांब पट्टी म्हणजे कडं पक्कं, कारण कडेची नाती घट्ट आणि आरपारची नाती फार सैल. आखूड पट्ट्या बहुतेक गोंगाट.

वजनाचं अंतर कसं करायचं यावर खूप वेळ जातो, एक भागिले वजन की उणे लॉग की अजून काही. सूत्र बदललं तरी क्रम तोच राहिला तर कोणतं भोक कोणत्या रेघेवर जन्मेल आणि कोणत्या रेघेवर मरेल ते बदलत नाही, फक्त पट्ट्यांची लांबी ताणली जाते. म्हणून मी सरळ क्रमांकच वापरतो, पहिली रेघ १, दुसरी २, असं. सूत्राचा वाद संपतो आणि दोन वर्षांच्या जाळ्यांची तुलनाही नीट होते.

सॉफ्टवेअरमध्ये रिप्सर सगळ्यात वेगवान, गुधी जास्त पर्याय देतं, जिओटो पायथनमधल्या मशीन लर्निंगवाल्यांना सोयीचं. तिन्ही फुकट. ३५ नोडला लॅपटॉपवर क्षणात होतं. पण २०११ चे ६४० जिल्हे घेतले तर त्रिकोणच ४ कोटी ३४ लाखांच्या वर जातात, त्यामुळे तिथे पहिल्या मितीच्या भोकांवर (म्हणजे साध्या कड्यांवर) थांबा आणि अंतराची वरची मर्यादा आधीच लावून ठेवा.

दिशा हरवू देऊ नका

वरच्या पद्धतीत अंतर दोन्हीकडून सारखं लागतं, म्हणजे बिहारहून महाराष्ट्रात आलेला आणि महाराष्ट्रातून बिहारला गेलेला एकाच भांड्यात. केरळची साखळी अशाने मोडते, कारण तिथे सगळा अर्थ दिशेत आहे. याला दोन उपाय. फ्लॅगसर नावाचं सॉफ्टवेअर दिशा असलेल्या त्रिकोणांवर चालतं, अ कडून ब, ब कडून क आणि अ कडून क अशा तिन्ही रेघा असतील तरच भरतं. दुसरा उपाय डाउकर कॉम्प्लेक्स, आणि स्थलांतराला मला हा जास्त पटतो. इथे दोन जिल्हे जोडलेले मानायचे ते एकमेकांत माणसं पाठवतात म्हणून नाही, तर दोघं एकाच शहरात पाठवतात म्हणून. तीन जिल्हे एकाच शहरात पाठवत असतील तर त्रिकोण भरला. जे भोक उरतं त्याचा अर्थ स्वच्छ असतो, हे जिल्हे दोन-दोनच्या जोडीने वेगवेगळ्या शहरांना माणसं पुरवतात पण सगळ्यांचं मिळून एक शहर नाही. हीच आकृती शहरांच्या बाजूने काढली तरी होमॉलॉजी (तुकडे आणि भोकांचा हिशोब) तीच येते, डाउकरने १९५२ ला हे सिद्ध केलंय, त्यामुळे जी बाजू लहान तिच्यावर गणित करा.

वेळेची दिशाही असते. ऊसतोडीत पैसा माणसाच्या आधी चालतो. हंगामाच्या आधी मुकादमामार्फत उचल गावात पोचते, आणि मग ती फेडायला कोयता निघतो. पूर्ण वर्षाचं एकच मॅट्रिक्स केलं तर माणसं इकडून तिकडे, पैसा तिकडून इकडे, असं साधं देवाणघेवाणीचं चित्र दिसतं आणि कर्जाने बांधून नेणं दिसतच नाही. म्हणून हंगामी स्थलांतरात महिन्यावार किंवा निदान तिमाहीवार थर करा आणि माणसांचा थर पैशाच्या थरापासून वेगळा ठेवा.

हे योगायोगाने आलं नाही ना

कोणत्याही जाळ्यात भोकं सापडतातच, अगदी फासे टाकून बनवलेल्या जाळ्यातही. तेव्हा वजनं रेघांवर पुन्हा पुन्हा पिसून वाटा, हजारभर वेळा, आणि दर वेळी सगळ्यात लांब पट्टी नोंदवा. तुमची खरी पट्टी त्या यादीत वरच्या ५ टक्क्यांत बसली तरच पुढे बोला. नुसतं पिसणं पुरत नाही कारण त्याने भूगोलही पुसला जातो, म्हणून दुसरी चाचणी ग्रॅव्हिटी मॉडेलमधून बनवलेल्या खोट्या जाळ्यांवर करा. तिसरी, कट-ऑफ आणि सालाचा गट जरा बदलून बघा. आकड्यात थोडी चूक असली तर बारकोड थोडाच हलतो असं प्रमेय आहे, पण आपल्याकडच्या काही रकान्यांत चूक थोडी नसते.

मॅपरबद्दल थोडक्यात. जिल्ह्यांना पाच-सात गुण द्या (बाहेर गेलेल्यांचं प्रमाण, लिंग-गुणोत्तर, बाहेरून येणारा पैसा वगैरे), एक लेन्स (जिच्या आकड्याने जिल्हे ओळीने लावायचे ती मोजणी) निवडा, त्या आकड्यांवर दहा ते वीस खिडक्या एकमेकींवर तिसरा हिस्सा चढवून ठेवा, आणि प्रत्येक खिडकीत क्लस्टरिंग (सारख्या जिल्ह्यांचे गट) करा. चित्र सुंदर येतं पण सेटिंग बदललं की बदलतं, तेव्हा चार-पाच सेटिंगवर जे टिकेल तेवढंच मांडा.

पुन्हा नकाशावर या

भोक सापडलं म्हणजे काम संपलं नाही, ते कोणत्या जिल्ह्यांवरून जातंय ते काढा. रिप्सर आणि गुधी पट्ट्या देतात, पण कडं कुठून जातं ते वेगळं मागावं लागतं, आणि एकाच भोकाभोवती अनेक कडी असू शकतात, म्हणून सगळ्यात आखूड कडं निवडा आणि निवडलं असं लिहा. मग त्या जिल्ह्यांची दुसरी माहिती काढा. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटली होती. पुरुष बाहेर गेलेल्या जिल्ह्याचा हा ठसा आहे. तुमचं कडं अशा जिल्ह्यांतून जात असेल तर विश्वास वाढतो, नसेल तर आधी साफसफाई पुन्हा तपासा. आणि जमलं तर एकदा त्या गावच्या पोस्टमनला किंवा बँक मित्राला विचारा, पैसा कुठून येतो हे त्याला तक्त्याशिवाय माहीत असतं.

पैशाच्या डेटाबाबत एक कडक नियम पाळा. खातेनिहाय व्यवहार कधी संशोधनासाठी मिळाले तर नोड तालुक्याच्या खाली उतरवू नका, आणि ज्या रेघेवर मोजकीच माणसं आहेत ती छापू नका. गोल फिरणारा पैसा दिसला की हवाला म्हणून शिक्का मारायची घाई होते, पण भिशी, उसनवारी, एकमेकांच्या घरी पाठवलेलं भाड्याचं वाटप, यातूनही अगदी तसेच फेरे बनतात. मजुराच्या वस्तीकडे बोट दाखवायला हे गणित वापरलं जाऊ नये याची जबाबदारी ते करणाऱ्याची आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ आहे. तोवर २०११ वर सगळी पाइपलाइन चालवून ठेवा, चावीचा तक्ता अद्ययावत करा (जम्मू-काश्मीर आणि लडाख २०१९ ला वेगळे झालेत, तेही घ्या), ग्रॅव्हिटी मॉडेलचा कोड, त्रिकोण भरायची मर्यादा आणि पिसण्याची चाचणी एका फोल्डरमध्ये तारखेसकट गोठवा. नवे तक्ते आले की मर्यादा न बदलता तोच कोड आधी एकदा चालवायचा, आणि त्यानंतरच काही सुधारणा करायच्या असतील तर करायच्या.